तीस पानं वाचून परत आलेलं पुस्तक

पत्र असं आलंय:

"अक्का, मी १९ वर्षांची आहे, खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते. मला वाचायला, बघायला, ऐकायला खूप आवडतंय, पण एकच काय असं आवडत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या, भुताच्या गोष्टी, जपानी अ‍ॅनिमे, कोरियन सिरीयल, कन्नड पिक्चर आणि आजोबांमुळं जुनी नाट्यगीतं, सगळंच. कॉलेजच्या ग्रुपमध्ये अ‍ॅनिमेचं बोलले की 'अजून कार्टून बघतीस काय' म्हणून हसतात. घरी कन्नड पिक्चर लावला की काका चिडतात. नाट्यगीतं लावली की चुलतभाऊ कानावर हात ठेवतो. दिवाळीच्या आधी मी माझं सगळ्यात आवडतं पुस्तक जिवलग मैत्रिणीला वाचायला दिलं. दीड महिन्यानं तिनं परत दिलं, म्हणाली तीस पानं वाचली, पुढं जमलं नाही. आत तिचं बसचं झीरो तिकीट, बायकांना फुकट मिळतंय ते, तसंच राहिलं होतं. घरी येऊन मी रडले. आता कुणाला काय सांगूच नये असं वाटतंय. आणि खरं सांगू, सगळ्यातलं थोडं थोडं आवडतंय म्हणजे मला माझी अशी आवडच नाही का, असंपण वाटतंय. — एक वाचक"

पोरी, आधी रडण्याचं बोलू, बाकीचं मागनं.

रडलीस त्यात चुकीचं काय नाही. आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देताना पोटात काय होतंय ते मला माहीत आहे. दिलेल्या दिवसापासनं रोज वाटतंय आज ती काय तरी बोलेल, आज त्या पानापर्यंत आली असेल, तिथं तिलापण माझ्यासारखंच झालं असेल, आणि मग दीड महिन्यानं पुस्तक परत येतंय आणि ती म्हणते जमलं नाही. त्यावेळी पुस्तक नापास झालं असं वाटतच नाही, आपण नापास झालो असं वाटतंय. तुझ्या पत्रातली ही गाठ मला पहिली सोडवायची आहे, ती सुटली की ग्रुप, काका, चुलतभाऊ हे सगळं निम्मं हलकं होईल.

माझ्या बाबांचं सांगते. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात कापड विणायचे दोन माग, दिवसभर खटखट खटखट, बाबा मागावर आणि आई कांड्या भरत बसलेली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले पण वाचनाचं वेड जबरदस्त, आणि वाचन म्हणजे काय तर रहस्यकथा, खून, दरोडा, डिटेक्टिव. ती पातळ पातळ पुस्तकं भाड्यानं मिळायची, आठवड्याला दोन-तीन तरी बाबा संपवायचेच. आणि ह्याच बाबांना पहाटे रेडिओवर धारवाड लागायचं कन्नड भजनांसाठी, दुपारी सांगली लागायचं मराठी गाण्यांसाठी. तर रात्री जेवताना ते आम्हाला त्या पुस्तकातली गोष्ट सांगायचे आणि बरोबर मध्ये थांबायचे. म्हणजे बंगल्याचं दार उघडलं, आत काळोख, पायाला काय तरी ओलं लागलं, आणि बाबा ताट घेऊन हात धुवायला उठायचे. आम्ही दोघी बहिणी ओरडायचो, पुढं काय, पुढं काय. ते काय सांगायचे नाहीत. पुस्तक कोनाड्यात ठेवलेलं असायचं. "वाच" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मोठी बहीण जरा वेळ कुरकुर करून झोपून जायची, मी मात्र दिव्याखाली बसून ते संपवायचे. सकाळी बाबा मला विचारायचे, मग कोण निघाला, आणि आमचं दोघांचं बोलणं सुरू व्हायचं. बहिणीला ते काय बोलायचे नाहीत, वाचलं नाहीस म्हणून तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही. तिला गाणी आवडायची, तिचं आवडतं लागलं की ते माग थांबवून रेडिओ मोठा करायचे. माग थांबवणं म्हणजे त्या घरात काय असतंय ते वडगाव-शहापूरच्या लोकांना सांगायला नको.

आता तू सांग, मैत्रिणीला पुस्तक देताना तू काय म्हणालीस? पत्रात लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे. "वाच, लई भारी आहे, तुला आवडणारच." हे "आवडणारच" फार जड असतंय गं. पुस्तक दोन-तीनशे पानांचं आणि वर हे वजन. मग तिला वाचायचं राहत नाही, पास व्हायचं असतंय, आणि तिला माहीत असतंय की तू रोज तिच्या तोंडाकडं बघायलीस. मी तर म्हणेन तिनं तीस पानांनंतर खरं सांगितलं हे मैत्रीचंच लक्षण, नाहीतर "हो छान होतं" म्हणून परत देणारी माणसं काय कमी आहेत? तुला ते चाललं असतं काय? मला नसतं चाललं.

पुढच्या वेळी वेगळं करून बघ. सगळ्यात आवडतं पुस्तक पहिल्यांदा देऊच नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचं दे, ज्याला कुणी नाव ठेवलं तरी तुझी झोप उडणार नाही असं. आणि देण्याआधी त्यातलं सांग. पुस्तक चांगलं आहे हे नको सांगूस, तुझं काय झालं ते सांग. अमुक पानावर मी बस गावात आली तरी उतरले नाही, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा कळलं, असं काय तरी. किंवा स्टँडवर गाडीची वाट बघताना दोन पानं मोठ्यानं वाचून दाखव आणि थांब. तिनं हात पुढं केला तर दे. नाही केला तर पिशवीत ठेव आणि दुसरं बोल. आणि देताना तोंडानं म्हण की आवडलं नाही तर सोड, पण पुस्तक परत दे. आत नाव घाल, वहीत तारीख लिही, ह्यात लाजायचं काय नाही, वाचनालयं तेच करतात की.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातला दुसरा म्हणतो प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि तिसरा म्हणतो प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, पण नाही, वेगळं आहे ते. तुझ्या त्या पुस्तकाला वाचक मिळालाय, तू मिळालीस. मैत्रिणीला तिचं पुस्तक मिळायचं आहे अजून, आणि ते तुझ्याच कपाटातनं निघालं पाहिजे असं कुठं आहे?

आता दुसरं, सगळ्यात महत्त्वाचं वाटलं मला ते. मला माझी अशी आवडच नाही का, हे जे तू लिहिलंयस.

मी नववीत असताना वर्गात बाईंनी विचारलं, सुट्टीत काय काय वाचलं. मी उभी राहून खरं ते सांगितलं, रहस्यकथा, आणि पाच-सहा नावं घडाघडा म्हणून दाखवली. बाई म्हणाल्या चांगल्या घरच्या मुली असलं वाचत नाहीत. वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी विचारलं की मी दुसरीच नावं सांगायचे, कवितासंग्रह, चरित्रं, त्यातली निम्मी तर वाचलेलीपण नसायची. कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, लग्न ठरताना बघायला आलेल्या माणसांपुढंपण. आणि आज मला वाईट कशाचं वाटतंय तर एवढ्या वर्षांत वाचायला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर मी बाबांचं नाव कधी घेतलं नाही. शाळेचं घेतलं. बाबा गेले त्यानंतर मी पहिल्यांदा चारचौघांत म्हणाले की मला रहस्यकथा आवडतात. म्हणून तुझं "कुणाला काय सांगूच नये" हे वाक्य वाचून मला राहवलं नाही. न सांगता राहायला येतंय, मी राहिलेय, पण त्यात ज्यांनी आपल्याला ती आवड दिली ती माणसंपण झाकली जातात.

तुझ्या आजोबांच्या नाट्यगीतांचं बघ. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म. पुण्यात पारशी मंडळींचं गाण्यांचं नाटक बघितलं आणि मनात आलं मराठीत असं का होऊ नये. मग नाटक घेतलं कालिदासाचं, संस्कृतातलं. चाली कुठल्या घेतल्या? साकी, दिंडी ह्या आपल्या ओळखीच्या, शिवाय रागदारी, शिवाय कर्नाटकी चाली, ज्या ह्या मुलखात कानावर पडतच होत्या. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि तिथनं मराठी संगीत नाटक उभं राहिलं. पारशी, संस्कृत, मराठी, कर्नाटकी, एवढं सगळं एकाच माणसाच्या कानात आणि डोक्यात होतं म्हणून ते झालं. त्यांना कुणी म्हटलं असतं की तुझी नक्की आवड कुठली ते एकदा ठरव, तर आजोबा आज काय ऐकत बसले असते? तुझ्यासारख्या सीमेवरच्या पोरीच्या कानात तीन-चार भाषा असणं हे इथलं जुनंच आहे, त्यात आता जपान आणि कोरिया आले एवढंच.

एक मात्र विचारते आणि ह्याचं उत्तर मला नको, तुझं तू बघ. थोडं थोडं म्हणजे काय? वेगवेगळं आहे पण शेवटपर्यंत जातेस, की दहा मिनिटं हे, दहा मिनिटं ते आणि रात्री दोनला फोन छातीवर ठेवून झोप? पहिलं असेल तर काळजीच सोड. दुसरं असेल तर आवडीचा दोष नाही, फोनचा आहे, आणि त्याला उपाय एवढाच की आठवड्यातनं एक गोष्ट निवडून पुरी करायची. एक साधी वही कर, काय बघितलं, काय वाचलं, आणि दुसऱ्यांदा कशाकडं गेले. दुसऱ्यांदा ज्याच्याकडं जातेस ना ते तुझं. मला तर तुझ्या यादीत एक धागा दिसतोय, चुकत असेन, पण बघ. ऐतिहासिक कादंबरी, भुताची गोष्ट, आजोबांची गाणी, सगळीकडं गेलेली माणसं परत येऊन बोलायलीत. अ‍ॅनिमे आणि कोरियनमध्येपण तू असलंच काय तरी बघतेस काय? असलं तर तुझी आवड एकच आहे आणि चांगली खोल आहे, कपडे तेवढे वेगवेगळे.

काकांचं वेगळं आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासनं कागद मराठीत मिळावा, पाटी मराठीत असावी, शाळा टिकावी म्हणून ह्या भागातली माणसं मोर्चे काढत, खटले झेलत म्हातारी झाली, २००४ पासनं सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमेचा दावा पडून आहे. तुझ्या काकांचं वय मला माहीत नाही पण त्यांनी घरात हेच ऐकलं असणार. पिक्चरचा राग नसतोय तो, पोरगी आपल्या भाषेपासनं सुटेल ह्याची भीती असते, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्या भाषेसाठी भांडायला दुसऱ्या भाषेतलं गाणं बंद करावं लागत नाही. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरात मराठी, आणि कन्नडातले एवढे मोठे कवी की ज्ञानपीठ मिळालं. आणि उमा कुलकर्णी तर आपल्या बेळगावात जन्मलेल्या, माहेर मराठी, नवरा विरुपाक्ष कन्नड भाषिक. ते कन्नड पुस्तकं वाचून दाखवायचे आणि ह्या ती मराठीत आणायच्या, कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबरीच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरुपाक्ष मराठीतली पुस्तकं कन्नडात न्यायचे. दोघांनी एकमेकांना आपलं आवडतं वाचून दाखवलं आणि त्यातनं दोन भाषांतली हजारो घरं वाचायला लागली. आवड वाटून घेणं म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ह्या दोघांचं नाव सांगते.

काकांना हे भाषण देऊ नकोस हां. एखाद्या रविवारी त्यांना आधी विचार, काका तुम्ही तरुणपणी टॉकीजला काय बघितलं, कुणाबरोबर बघितलं. ऐकून घे नीट, अर्धा तास गेला तरी जाऊ दे. त्यांना कन्नड येतंयच, बाजारात, ऑफिसात बोलतातच की. जमलं तर पुढच्या पिक्चरला एखादा शब्द त्यांनाच विचार, अर्थ काय म्हणून. चिडणारा माणूस अर्थ सांगायला बसला की शेवटपर्यंत बसतोय, हे मी आमच्या घरात बघितलंय.

कॉलेजच्या ग्रुपचं लवकर सांगते. अ‍ॅनिमे म्हणजे लहान पोरांचं कार्टून हा गैरसमज आहे, जपानमध्ये लहानांसाठी वेगळं, वयात आलेल्यांसाठी वेगळं, मोठ्यांसाठी वेगळं निघतंय. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या अ‍ॅनिमे पिक्चरला २००३ साली ऑस्कर मिळालं आणि परत २०२४ साली मिळालं, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पण हे ऑस्कर नेऊन ग्रुपवर आपटू नकोस, बक्षीस सांगून कुणाला काय आवडत नसतंय. आवड घोळक्यात सांगायची नसते एवढं लक्षात ठेव. पाच जणांत एक हसला की बाकीचे चार हसतात, त्यातल्या दोघांना हसायचं नसतंय तरी हसतात. एकीला गाठ, कॅन्टीनमधनं परत येताना, एकटीला, आणि एकच सीन दाखव. त्या ग्रुपात कोण तरी एक घरी कान झाकून तेच बघत असेल असं मला राहून राहून वाटतंय.

चुलतभावाचं सोड, हेडफोन लाव. आजोबांबरोबर मात्र हेडफोन नको, स्पीकरवर लाव, आणि हे पद पहिल्यांदा कुठं ऐकलं, तंबूत की थेटरात, कोण गायलं, तिकीट किती होतं, ते विचारून वहीत लिही. हे आजच कर. उद्यावर टाकलेलं माझं बरंच राहून गेलंय.

आणि तुझ्यासारखं वाचणारी माणसं कुठं भेटतील तर बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं, कॉलेज सुटल्यावर एकदा जाऊन मेंबर हो. थंडीच्या दिवसांत कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, सकाळी ग्रंथदिंडी असते, पोरीबाळी डोक्यावर पुस्तकं घेऊन चालतात, दुपारी कथाकथन. मी तिथं मांडवात भाकरी बांधून आणलेल्या बायकांशेजारी बसून जेवढ्या गप्पा पुस्तकांवर मारल्यात तेवढ्या कुठल्या कॉलेजात मारल्या नाहीत. २०२३ च्या जूनपासनं कर्नाटकात बायकांना साधी सरकारी बस फुकट आहे, ओळखपत्र दाखवलं की झालं, म्हणजे जायला पैसे नाहीत हे कारण तुला सांगता यायचं नाही. मैत्रिणीलापण घेऊन जा.

राहता राहिलं ते झीरो तिकीट. तू पत्रात ते एका ओळीत लिहून टाकलंस पण मी तिथंच अडकले. टाकून दिलं नसशील तर काढून बघ, त्याच्यावर तारीख असते, कुठनं कुठं ते असतंय. सकाळची खानापूर-बेळगाव गाडी तू रोज बघतेस, पाय ठेवायला जागा नसते, डबा, दप्तर, छत्री, एक हात दांडीला. तसल्या गाडीत तिनं तुझं पुस्तक बाहेर काढलं होतं, आणि पान हरवू नये म्हणून हातातलं तिकीट त्यात घातलं होतं. तारीख बघ. मग शनिवारी तिच्याजवळ जाऊन बस आणि विचार, तू सध्या काय बघायलीस, आणि ती जे काय दाखवेल, मेहंदीचे व्हिडिओ असू देत नाहीतर क्रिकेटची मॅच, ते तीस पानांएवढं तरी बघ.